सरस सुकायच्या आत

पुराच्या नवव्या दिवशी वादकांची वाद्यं ठेवायच्या नदीकाठच्या गोदामाची दारं उघडली आणि अर्धं नॅशव्हिल तिथे रांगेत उभं राहिलं. ज्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं तीही माणसं घर तसंच टाकून आली होती. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, वाटू दे. या गावात सोफा भिजला तर माणूस म्हणतो, जाऊ दे, जुनाच होता. गिटार भिजली तर मात्र त्याला दोघांनी धरून बसवावं लागतं.

लिओटा स्पायवी रांगेत सतरावी होती. वय चौसष्ट, उंची बेताची, आणि वाजवायची काय, तर डबल बेस! तिच्याहून चांगला हातभर उंच. सारंगीला राक्षसाने दत्तक घेतलं तर जे होईल ते. गुडघे कुरकुर करायला लागले तसं तिने ते धूड जिन्यावरून वर चढवणं सोडलं आणि गोदामात ठेवायला सुरुवात केली. "शहाणपणा केला आणि तोच नडला बघा," असं ती रांगेत सगळ्यांना सांगत होती आणि सगळे तिला आपापला शहाणपणा सांगत होते.

तिचा नंबर आला. तिने खोळीची चेन ओढली. आत बेस नव्हताच. बेसचा संसार होता, विस्कटलेला. पोटाची फळी सुटलेली, पाठ सुटलेली, मान वेगळी, कडेच्या बरगड्या वेगळ्या, आणि सगळ्यावर बोटभर तांबडा गाळ. शेजारी स्टील गिटार वाजवणारा एक आडदांड माणूस हमसून हमसून रडत होता. लिओटा रडली नाही. तिने घरून आणलेली चादर जमिनीवर अंथरली आणि भाजी निवडावी तसा एकेक तुकडा बाजूला काढायला लागली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सापडेना, तेव्हा गाळात कोपरापर्यंत हात घालून तीही शोधली. मग चादरीच्या चारी कोपऱ्यांची गाठ मारली आणि थेट थर्मनचं घर गाठलं.

थर्मन ओगलट्री म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, तोंडाने फटकळ आणि हाताने देवमाणूस. शहराच्या इंगलवूड भागात घरामागच्या गॅरेजात त्याचा वाद्यं दुरुस्तीचा कारखाना. त्याने गाठ सोडायच्या आधीच उलटतपासणी सुरू केली.

"केस वाळवायचं मशीन लावलंस?"

"नाही."

"उन्हात ठेवलंस?"

"नाही हो."

"देव पावला. काल तो बँजोवाला आला होता. घरची गिटार गाडीच्या टपावर ठेवून वाळवली गाढवाने. पापड झालाय पापड! म्हणे, थर्मन, हिला सरळ करा. म्हटलं, आधी तुला करतो."

लिओटाला हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही. "किती तुटलाय, ते सांगा."

"तुटलाय कुठे? सुटलाय." थर्मनने बरगडी उचलून कडेवर अंगठा फिरवला. "जुन्या लोकांनी खुरांच्या सरसाने जोडलेला आहे हा. सरस पाण्यात विरघळतो, म्हणून सांधा सुटला आणि लाकूड वाचलं. हल्लीचा चिवट गोंद असता ना, तर सांधा राहिला असता आणि लाकडाच्या चिंध्या झाल्या असत्या. पोरी, दोन महिने सावलीत सुकू दे. मग बघू."

चौसष्ट वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारा माणूस गावात आता एवढा एकच उरला होता. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं.

जूनच्या शेवटी थर्मनने तिला बोलावून घेतलं. बेसच्या पोटाची फळी उताणी ठेवलेली होती. या फळीच्या आतल्या अंगाला, जाड तारांच्या बरोबर खाली, लांबलचक लाकडी पट्टी चिकटवलेली असते. खर्जाचा सगळा भार ती पेलते. थर्मनने त्या पट्टीच्या एका टोकाखाली सुरीचं पातं घातलं. ते सहज चार बोटं आत गेलं.

"हे पुराने झालं?" लिओटाने विचारलं.

"नीट बघ. पुराचा गाळ तांबडा. हिच्या खाली आहे ती करडी धूळ. ही वर्षानुवर्षांची. तुझी पट्टी केव्हाचीच सुटली होती, पंधरा-वीस वर्षं तरी झाली असतील. अशा बेसचा खर्ज लगेच बोलत नाही. तार छेडली की लाकूड आधी जांभई देतं, मग उठतं."

लिओटा तिथल्या स्टुलावर बसली.

आता ही गोष्ट तिने कुणालाच सांगितलेली नव्हती, म्हणून आपल्याला ती सांगायला हवी. चौदा वर्षांपूर्वी ती एका पाचजणांच्या बँडमध्ये वाजवायची. एक-दोन नव्हे, बावीस वर्षं. त्या संगीतात ढोल नाही, ताशा नाही. पहिला ठोका बेसचा, त्याला छेद देणारा दुसरा ठोका मँडोलिनचा; जात्यावर दोन बायका समोरासमोर बसतात तसं ते काम. एकीचा हात ढिला पडला की दुसरीला लगेच कळतं. मँडोलिनवर होता डेल्मर गॉइन्स. एका शनिवारी, भरल्या सभागृहात, चालू गाण्यात तो माइकमध्ये म्हणाला, "लिओटा, जागी आहेस ना?" लोक खदाखदा हसले. लिओटाही हसली. गाणं संपल्यावर तिने बेस खोळीत घातला आणि त्या बँडकडे पुन्हा फिरकली नाही.

लोकांना वाटलं, एवढ्याशा थट्टेचा केवढा राग! राग कसला? भीती होती ती. डेल्मरचा कान कधी चुकत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणजे आपला हातच उशीर करायला लागला. त्यानंतर ती चर्चमध्ये वाजवत राहिली, मंगळवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणावळीत वाजवत राहिली, कुणी चकार शब्द काढला नाही. पण दर पहिल्या ठोक्याला मनात एकच प्रश्न यायचा: उशीर झाला का?

"म्हणजे मी नव्हते उशीर करत?" तिने थर्मनला विचारलं.

थर्मन गोड बोलणाऱ्यांतला नव्हता. "ते मी कसं सांगू? लाकूड झोपलेलं होतं एवढं नक्की. तुझा हातही झोपलेला असेल, कुणास ठाऊक. पट्टी बसवतो, बेस जोडतो, मग वाजव. कळेल."

म्हणजे बेस उभा राहिला तर उत्तर. नाही राहिला तर जन्मभर प्रश्नच.

थर्मनकडे त्या उन्हाळ्यात एक नियम होता. ज्याचं वाद्य कारखान्यात, त्याने दर गुरुवारी हात द्यायला यायचं, आणि आज कुणाचं वाद्य जोडायचं आहे हे विचारायचं नाही. गरम सरस दीड-दोन मिनिटांत थिजतो. तेवढ्यात बेसचं पोट बरगड्यांवर बसवून सभोवती स्क्रूचे बत्तीस शिकंजे आवळायचे म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आणि वेळ मोजायला घड्याळ? छे! थर्मनचा बाप डोंगरातला. त्याने मुलाला शिकवलं होतं की सरसाने हात बरबटलेला माणूस घड्याळ बघत नाही, गाणं म्हणतो. दोन कडवी आणि एक ध्रुवपद. गाणं संपायच्या आत शेवटचा शिकंजा आवळलेला पाहिजे.

जुलैतल्या त्या गुरुवारी गॅरेजची दारं-खिडक्या लावलेली, पंखे बंद, कारण वारा लागला की सरस लवकर थिजतो. आत भट्टी झालेली. माणसं नऊ. फिडल वाजवणारी ट्वायला होती, पापडवाला बँजोवाला होता, आणि टेबलाच्या बरोबर समोरच्या बाजूला होता डेल्मर गॉइन्स. त्याच्या मँडोलिनची पाठ उघडली होती, म्हणजे नियमाने तोही आलाच. केस पार पांढरे झाले होते, नाक मात्र तसंच वर.

चौदा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलली नव्हती आणि आजही बोलायचा विचार नव्हता.

"ट्वायला," डेल्मर म्हणाला, "त्या बाईंना सांग, त्यांच्या हातातल्या शिकंज्याचा आटा फिरलाय."

"ट्वायला, त्या गृहस्थांना सांग, मला डोळे आहेत."

"सांग, असतील, पण चष्मा डोक्यावर आहे."

ट्वायलाने दोन्ही हात वर केले. "मिस लिओटा, मिस्टर डेल्मर, माझी फिडल फुटलीय म्हणून मी इथे आहे. टपाल वाटायला नाही. तुमचं तुम्ही बघा!"

"गप्पा पुरे!" थर्मनने पातेलीतून ब्रश काढला. सरसाचा तो उग्र, खुरांसारखा वास गॅरेजभर पसरला. "मी लावत सुटतो, तुम्ही आवळत या. गाणं ते नेहमीचं, नदीपलीकडच्या घराचं. चला!"

आणि इथे जी चूक झाली ती फक्त याच गावात होऊ शकते.

पहिलं कडवं झकास गेलं. फळी बसली, चौदा शिकंजे आवळले. दुसऱ्या कडव्यात ट्वायलाने वरचा सूर धरला. डेल्मरने तिच्याखाली आपला सूर सरकवला. बँजोवाल्याला खर्ज आहे हे तर त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल, तोही पाताळातून उगवला. असं काही जमून आलं की अंगावर काटा. दोन महिने चिखल उपसलेली माणसं ती. कित्येक दिवसांत गळा मोकळा झाला नव्हता. हात आपोआप हळू झाले, डोळे मिटले गेले. शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून अशी लांबवली, अशी लांबवली, की देवालाही वाटलं असतं, थांबावं जरा. आणि ओळ संपल्यावर कुणीतरी, नाव घेत नाही पण तो बँजोवालाच, ध्रुवपद पुन्हा उचललं. सगळे त्याच्या मागे!

"अरे मेल्यांनो!" थर्मन ओरडला. "चिकटवायला आलात की गायला? सरस मेला!"

डोळे उघडले. नऊ शिकंजे अजून हातातच. सरसाचा खरवस झालेला. कडेला नखभर फट.

बँजोवाला आपल्या बुटांकडे बघत उभा. सगळ्यात कहर म्हणजे लिओटाही त्या गाण्यात होती. तिच्याच बेसचं पोट उघडं आणि ती डोळे मिटून गात होती!

थर्मनने वाफ दिली, गरम सुरीने सांधा परत सोडवला. एका ठिकाणी कडेची काडी उपटून आली. त्याने ती उजेडात धरली.

"ऐका सगळे. हे लाकूड ऐंशी वर्षांचं आहे. अजून एकदा चिकटवीन. परत उघडावं लागलं तर ही कड राहणार नाही, आणि मग हा बेस भिंतीवर टांगायचा. गाणं बंद. तुमच्या गळ्यांवर माझा काडीचा भरवसा नाही. नुसता ठोका हवा. चार ठोक्यांना एक शिकंजा, सरळ रेषेत. लिओटा, तू दे."

"मी नको," ती चटकन म्हणाली. "डेल्मरला सांगा."

"मँडोलिनवाल्याला? तो पळवील, आणि अर्धे शिकंजे वाकडे बसतील. बेस तुझा, ठोका तुझा."

सगळे तिच्याकडे बघत होते. डेल्मरही. चौदा वर्षं जी शंका उशाला घेऊन झोपली, ती आज नऊ माणसांसमोर जमिनीवर आपटून दाखवायची? आणि चुकली तर तिचाच बेस जायचा. तिला वाटलं, सरळ निघून जावं. पण निघून जाण्याचा प्रयोग तिने एकदा केला होता, आणि त्याने काय मिळालं ते तिला पुरतं माहीत होतं.

"बूट काढते," ती म्हणाली. "अनवाणी बरं पडतं."

थर्मनने ब्रश टेकवला. लिओटाने टाच आपटली. एक. परत एक. काँक्रीटच्या फरशीवर तो आवाज केवढा एकटा वाटला! तिसऱ्या ठोक्याला तोच प्रश्न आला: उशीर झाला का? आणि तेवढ्यात दोन ठोक्यांच्या बरोबर मधे, सुरीने लोणी कापावं तशी, टाळी पडली. समोर डेल्मर होता. शिकंजा काखेत धरून टाळी देत होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्यालाही कळायच्या आत हात उठले असणार. टाच, टाळी, टाच, टाळी. तिने कान लावला, हा ओढतोय का मला पुढे? नव्हता ओढत. तिच्या दोन पावलांच्या मधे जाऊन नेमका बसत होता.

मग तिने विचार करणं सोडलं. सात शिकंजे, बारा, वीस. घाम डोळ्यांत जात होता, कुणी तो पुसत नव्हतं. तिसाव्याला ट्वायलाच्या हातून नट निसटला, तिने तो हवेतच पकडला. एकतीस. बत्तीस! थर्मनने कडेवरून बोट फिरवलं. सांध्यातून सरसाचे थेंब मोत्यांच्या सरीसारखे सभोवती बाहेर आले होते, आणि अजून कोमट होते.

"बसलं!" म्हातारा म्हणाला. "गच्च बसलं!"

काय गलका झाला म्हणता! दारं उघडली, पंखे लागले, थर्मनच्या बायकोने मक्याचा ब्रेड आणि राजम्याचं पातेलं बाहेर आणलं. बँजोवाल्याने लिओटाला उचलून गोल फिरवलं आणि गुडघ्यापायी तिच्या शिव्या खाल्ल्या. ती हसत होती, दोनदा ब्रेड मागून घेत होती. पण आत एक जागा अजून गप्प होती. पाय वेळेवर होता, ठीक. पाय काही बेस वाजवत नाही.

दहा दिवसांनी तारा चढल्या. थर्मनने बेस गॅरेजच्या मधोमध उभा केला. लिओटाने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि जाड तार एकदाच, अंगठ्याजवळच्या बोटाने ओढली. खर्ज असा उठला की खिळ्यांच्या डब्यातले खिळे वाजले.

"एकटीने काय कळणार?" थर्मन म्हणाला. "कुणीतरी साथीला या."

मग डेल्मरने आपलं नव्या पाठीचं मँडोलिन गळ्यात अडकवलं, पुढे आला, आणि ट्वायलामार्फत नव्हे, सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "तू मोज."

तिने मोजलं आणि सुरू केलं. चार मात्रा, आठ, बारा. डेल्मरच्या कपाळावर आठी आली. सोळाव्या मात्रेला त्याने तारांवर हात ठेवून मँडोलिन थांबवलं. लिओटाला वाटलं, झालं. हातच होता तर.

"अगं ए, हळू!" डेल्मर म्हणाला. "गाडी सुटतेय का तुझी? पुढे पुढे काय पळतेस? माझ्या आधी जाऊन पोचतेस की!"

"काय म्हणालास?"

"म्हटलं, घाई करतेस. जन्मात कधी घाई केली नाहीस, आजच काय झालं?"

लिओटा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख पडलं. एवढी वर्षं लाकूड उशिरा बोलत होतं, आणि त्या शनिवारनंतर तिच्या हाताने तिला न विचारताच स्वतःला शिकवून ठेवलं होतं: जरा आधी पड, म्हणजे आवाज वेळेवर निघेल. आज लाकूड जागं झालं, आणि हात मात्र अजून आधीच पडत होता. झोपलेला हात असं करत नाही. ती हसायला लागली. हसता हसता बेसच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडायलाही लागली. दोन्ही एकदम, नाक-डोळे एक करून.

"मी काय वाईट बोललो?" डेल्मर घाबरून थर्मनकडे बघायला लागला. "घाई करते म्हटलं फक्त!"

"परत म्हण," लिओटा म्हणाली.

मग तिने त्याला सांगितलं. पट्टीचं, करड्या धुळीचं, सगळं. एक वाक्य मात्र तिच्या घशात तीन आठवडे अडकून होतं, कारण ते म्हणजे डेल्मरला हार घालणं होतं. तेही निघून गेलं: "त्या शनिवारी बेस उशिराच बोलला होता. तू बरोबर ऐकलंस."

"आणि तू?"

"मी वेळेवर होते."

डेल्मरने टोपी काढली. ती हातात फिरवत तो म्हणाला, "म्हणजे मी माइकवर जे बोललो..."

"कान बरोबर होते तुझे, डेल्मर. तोंड चुकलं."

"चुकलंच," तो म्हणाला. "चुकलंच गं. तू गेलीस, तेव्हा मागे यायला पाहिजे होतं मी."

"पाहिजे होतं," ती म्हणाली. तिला त्याला इतक्या सहज सोडायचं नव्हतं, पण हसू काही केल्या थांबेना.

त्याने टोपी घातली, मँडोलिन सरळ केलं. "परत घेऊ. आणि या खेपेला जरा मागे राहा, बाई."

"मला मागे राहायला तू सांगतोस!" लिओटाने डोळे बाहीला पुसले, हाताला मनातल्या मनात समजावलं की बाबा, आता धावायचं कारण नाही, आणि मोजायला सुरुवात केली.